निळा बीस्ट चालतो, मग नांदेडचे दादाजी काहून नाही?

सावलीतल्या पोरांना विचारा, एक्स-मेनमधला बीस्ट कोण? लगेच सांगतील. अंगभर निळे केस, हातापायाला नखं, दिसायला जनावर, पण डोक्यानं जबरदस्त शास्त्रज्ञ. १९६३ पासून कॉमिक्समध्ये आहे, पुढे सिनेमात आला. त्या कथेचा धडा एकच: रूपावरून अक्कल मोजू नका.

आता त्याच पोरांना विचारा, दादाजी रामाजी खोब्रागडे कोण? गप्प!

मंडळी, हा माणूस आपल्याच जिल्ह्यातला. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचा. शिक्षण तिसरीपर्यंत, शेती दीड एकर. १९८३ मध्ये पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या वेगळ्या काढल्या, जपल्या, वर्षानुवर्षं पेरून पाहिल्या. त्यातून बारीक दाण्याचं वाण निघालं. बाजारात त्याला घड्याळाचं नाव चिकटलं, एचएमटी. पुढे नांदेड चिन्नोर, विजय नांदेड, दीपक रत्न, डीआरके अशी वाणं त्यांनी काढली.

निवड, नोंद, पुन्हा पेरणी, पुन्हा निवड. याला विज्ञान नाही तर काय म्हणायचं? पण आपल्याला शास्त्रज्ञ म्हटलं की पांढरा कोट आणि इंग्रजीच लागते. दादाजींचं रूप चारचौघा शेतकऱ्यांसारखं होतं. खोट त्यांच्या रूपात नव्हती, आपल्या नजरेत होती. कृषी विद्यापीठानं याच धानाचं शुद्ध केलेलं वाण पीकेव्ही-एचएमटी नावानं आणलं. नावात विद्यापीठ आहे, घड्याळ आहे. दादाजी कुठं आहेत?

कोणी म्हणेल, पुरस्कार मिळाले ना! मिळाले. २०१० मध्ये फोर्ब्सच्या यादीतही नाव आलं. पण पुरस्कारानं चूल पेटत नाही. लाखो ताटांत भात वाढणारा हा माणूस शेवटपर्यंत तंगीतच राहिला. ३ जून २०१८ ला अर्धांगवायूच्या आजारपणात गेला. मग श्रद्धांजलीला सगळे हजर!

म्हणून थेट मागणी करतो. सावली, मूल, सिंदेवाहीच्या राईस मिलवाल्यांनो, एचएमटीच्या कट्ट्यावर एक ओळ छापा: 'वाण शोधक दादाजी खोब्रागडे, नांदेड'. छपाईला जास्तीचा किती खर्च येणार? गुरुजींनो, विज्ञान दिनाला न्यूटनच्या बाजूला यांचाही फोटो लावा. नेत्यांनो, बॅनरवर स्वतःचे फोटो कमी करा, शेतकऱ्यानं शोधलेल्या वाणाचा मोबदला त्याच्या घरी कसा जाईल ते सभागृहात विचारा.

पोरांनी बीस्ट जरूर पाहावा. पण आज रात्री ताटात एचएमटीचा भात आला, तर तो कोणी शोधला हे घरात एकदा मोठ्यानं सांगा.