शेत संपायलाच हवं
'एज ऑफ एम्पायर्स'चा तिसरा भाग (2005) दुसऱ्यापेक्षा (1999) देखणा आहे, मान्य. पाणी चमकतं, तोफगोळ्यांनी इमारती ढासळतात. पण दुसऱ्या भागात शेत संपतं; पुन्हा पेरायला 60 लाकूड मोजावं लागतं. आधी सैन्य की पेरणी, हा खरा पेच! तिसऱ्यात गिरणीवर माणसं लावली की अन्न कधीच संपत नाही. ते वाहून कोठारातही न्यावं लागत नाही. होम सिटीचे पत्ते दिले, पण हा पेच काढून घेतला. दुबार पेरणी म्हणजे काय हे घरात पाहिलेल्या यवतमाळच्या पोरांनी तरी याला प्रगती म्हणू नये. स्ट्रॅटेजी गेमनं डोळे दिपवले नाहीत तरी चालेल, डोक्याला ताप द्यायलाच हवा. 2019 साली दुसरा भाग नव्या चित्रांसह आला. पेरणीचं लाकूड मात्र माफ झालं नाही. सुधारणा अशी असते.