भाषेच्या वाटेवर : बिघडलेले यंत्र आणि जर्मनीतील इंग्रजी



इस्रायलात येऊन स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांच्या कानी लवकरच पडणारा एक शब्द म्हणजे 'पंचेर'. मूळ इंग्रजी 'पंक्चर'. हिब्रूत तो केवळ चाकापुरता उरला नाही; ठरलेला बेत फिसकटला तरी लोक त्यास 'पंचेर' म्हणतात. यंत्राच्या सोबतीने निघालेला इंग्रजी शब्द ज्या देशात उतरतो तेथील पाणी पितो आणि त्याचा अर्थ बदलतो. सांप्रत आपल्या तरुण मंडळींना याचा अनुभव विशेषेकरून जर्मनीत येण्याचा संभव आहे.

मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-नगरे आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मन सरकारने कुशल भारतीयांना दरसाल द्यावयाच्या व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत वाढविण्याचे जाहीर केले. तेथे जाणाऱ्या मुलामुलींस वाटते की जर्मन हळूहळू येईल, तोवर इंग्रजीवर निभावेल. पुष्कळ अंशी ते खरेही आहे. परंतु संगणक बंद पडला वा कारखान्यातील यंत्र अडले, की दोन परके गृहस्थ तिसऱ्याच्या भाषेत बोलू लागतात, आणि प्रत्येकाचे इंग्रजी त्याच्या मायबोलीच्या साच्यातून आलेले असते.

काही उदाहरणे पाहू. जर्मन माणूस मोबाइलला 'हॅण्डी' आणि भिंतीवर चित्र पाडणाऱ्या प्रोजेक्टरला 'बीमर' म्हणतो. हे शब्द दिसावयास इंग्रजी असले तरी लंडनच्या माणसास त्यांचा हा अर्थ कळणार नाही. येथे फार तर हसू होईल. खरी अडचण पुढील शब्दांत आहे. जर्मन सहकारी 'प्लीज कंट्रोल द मशीन' म्हणाला, तर यंत्र चालवावयाचे नसून ते तपासावयाचे असते, कारण त्याच्या भाषेत त्या क्रियापदाचा अर्थ तपासणे हाच आहे. 'अ‍ॅक्च्युअल व्हर्शन' म्हणजे सध्या चालू असलेली आवृत्ती. 'वुई विल इव्हेंच्युअली सेंड अ टेक्निशियन' हे वाक्य ऐकून आपण कारागिराची वाट पाहत बसावे, आणि बोलणाऱ्याच्या मनात मात्र 'कदाचित पाठवू' एवढेच असावे! 'अंटिल फ्रायडे' आणि 'बाय फ्रायडे' या दोहोंसाठी जर्मन भाषेत 'बिस' हा एकच शब्द पुरतो. म्हणून काम शुक्रवारपर्यंत चालू राहणार की शुक्रवारच्या आत पुरे होणार, हे स्पष्ट विचारून घ्यावे.

दोष एकट्या त्यांच्या पदरी घालणे न्याय्य होणार नाही. आपण शंका विचारताना 'आय हॅव अ डाउट' म्हणतो. ऐकणाऱ्यास वाटते की आपला त्याच्या बोलण्यावर विश्वास नाही. तेथे 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणावे. 'करंट गेला' याचे शब्दशः भाषांतर करण्याऐवजी 'देअर इज नो पॉवर' म्हणावे. आपला 'संगणक हँग झाला' हा प्रयोग मात्र जर्मनास सहज उमगतो, कारण त्याचाही संगणक 'लटकतो'. आणि तो अजिबात कोसळला, तर जर्मन भाषा कड्यावरून पडलेल्या गिर्यारोहकाचे क्रियापद त्यास लावते.

आकड्यांविषयी तर अधिकच सावध असावे. जर्मन लेखनपद्धतीत स्वल्पविराम दशांशाचे काम करतो आणि टिंब हजाराचे. आपण १,५०० हा आकडा दीड हजार असा वाचतो. जर्मन कागदावर तो केवळ दीड असतो. औषधाच्या वा यंत्राच्या मापात ही चूक किती महाग पडेल हे सांगावयास नको. आकडा उच्चारताना जर्मन माणूस आपल्यासारखाच एकक आधी म्हणतो. आपले 'चोपन्न' तसे त्याचे 'चार-आणि-पन्नास'. इंग्रजी बोलतानाही त्या सवयीने ५४ चे ४५ होऊ शकतात. म्हणून यंत्राचा क्रमांक नेहमी एकेक अंक सुटा करून सांगावा.

अक्षरांचा घोटाळा तर त्याहून मोठा. इंग्रजी वर्णमालेत पहिल्या अक्षराचे नाव 'ए'. जर्मन वर्णमालेत 'ए' हे पाचव्या अक्षराचे नाव, आणि इंग्रजीत 'ई' म्हणतात त्या नावाने जर्मन माणूस नववे अक्षर ओळखतो. दूरध्वनीवर क्रमांक किंवा आडनाव सांगताना या तीन अक्षरांची अदलाबदल सहज घडते. यावर उपाय म्हणून प्रत्येक अक्षरास एक परिचित शब्द जोडण्याची रीत निघाली. त्या रीतीचा जर्मनीतील इतिहास आपल्या समाजाने जाणून घ्यावा असा आहे.

१८९० च्या बर्लिन येथील दूरध्वनी-पुस्तिकेत अक्षरांना आकडे दिले होते. १९०३ मध्ये त्यांच्या जागी व्यक्तिनामे आली, आणि पुढे त्या तक्त्यात दावीद, याकोब, नाथान, शमुएल व जखऱ्या ही नावे रुजली. मार्च १९३३ मध्ये रोस्टॉक येथील एका रहिवाशाने टपाल खात्यास पोस्टकार्ड धाडून अशी यहुदी नावे काढून टाकावीत अशी मागणी केली. १९३४ मध्ये ती काढली गेली. दावीदच्या जागी डोरा आली, याकोबच्या जागी नुसते अक्षराचे नाव, नाथानच्या जागी 'नॉर्डपोल' म्हणजे उत्तर ध्रुव, शमुएलच्या जागी झीगफ्रीड, जखऱ्याच्या जागी त्सेपेलिन. युद्धानंतर शमुएल आणि जखऱ्या परतले. नाथान मात्र परतला नाही, आणि लोक कित्येक दशके नकळत उत्तर ध्रुवच सांगत राहिले. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याचे यहुदीद्वेष-निवारण आयुक्त मिखाएल ब्लूमे यांनी हा विषय पुढे आणला. २०२२ मध्ये नवा प्रमाण तक्ता निघाला, त्यात जर्मन शहरांची नावे आहेत. तरीही जुन्या सवयीने कोणी 'झीगफ्रीड' म्हणाला, तर तो शब्द तेथे कसा आला हे आपल्या मुलांस ठाऊक असावे.

आता व्यवहाराचे बोलू. आपले आडनाव दोन्ही रीतींनी सांगण्याचा सराव घरीच करावा. पेणकर कुटुंबाने जर्मन रीतीने पॉट्सडाम, एसेन, न्युर्नबर्ग, कोल्न, आखेन, रोस्टॉक म्हणावे. विमानवाहतुकीत १९५६ पासून रूढ असलेल्या आंतरराष्ट्रीय रीतीने पापा, एको, नोव्हेंबर, किलो, अल्फा, रोमिओ.

यंत्राची तक्रार सांगताना 'इट इज नॉट वर्किंग' एवढ्यावर थांबू नये. त्यावरून कारागिरास काहीच कळत नाही. काय केले, काय दिसले, केव्हापासून, कोणता उपाय करून पाहिला आणि दुरुस्ती केव्हापर्यंत हवी, या क्रमाने लहान लहान वाक्ये बोलावीत. 'व्हेन आय प्रेस स्टार्ट, द स्क्रीन गोज ब्लॅक.' 'इट बिगॅन यस्टर्डे, आफ्टर द अपडेट.' 'आय हॅव ऑलरेडी रीस्टार्टेड इट.' 'आय नीड इट बाय फ्रायडे, नॉट लेटर.' शेवटी ऐकलेले सर्व आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवावे आणि विचारावे, 'इज दॅट करेक्ट?'

आपल्या वाडवडिलांनी गिरण्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत साहेबाचे इंग्रजी ऐकून ऐकूनच आत्मसात केले. नव्या पिढीपाशी शब्दसंपत्ती त्यांच्याहून मोठी आहे. समोरच्याने त्या शब्दाचा कोणता अर्थ घेतला, हे विचारण्याचा संकोच तेवढा तिने सोडावा.