दहावीतही वर्कशॉपचा दिवस हवा

दिवाळीची सुट्टी संपली, की अनेक शाळांत पहिली कुऱ्हाड वर्कशॉपच्या तासावर पडते. ‘दहावीचं वर्ष आहे, सराव परीक्षा तोंडावर आल्यात,’ असं कारण मिळतं. माझा फॅब्रिकेशनचा व्यवसाय आहे आणि आठवड्यातून एक दिवस मी एका माध्यमिक शाळेत निदेशक म्हणून शिकवतो. हा दिवस कापू नये, असं माझं ठाम मत आहे. वर्गात पाठ केलेलं गणित याच दिवशी कसाला लागतं.

टेबलाची साधी फ्रेम घ्या. लांबी 80 सेंटिमीटर, रुंदी 60, चारही पाय 75 चे. एकूण अँगल लागतो 5.80 मीटर आणि बाजारात लांबी मिळते सहा मीटरची. शिल्लक फक्त 20 सेंटिमीटर, त्यातही करवतीचं पातं प्रत्येक कापाला थोडं लोखंड खातं. एक पाय आखूड कापला गेला, की नवा अँगल आणणं आलं. म्हणून मुलं आधी कागदावर आराखडा काढतात, मगच गुण्या लावून लोखंडावर खुणा करतात. कोपऱ्यांना एकदम पूर्ण वेल्डिंग केलं, तर उष्णतेनं फ्रेम ओढली जाते. आधी नुसते टाके मारायचे आणि दोन्ही कर्ण मोजायचे. ते बरोबर एक मीटर भरले पाहिजेत. ‘एकच मीटर का?’ असं विचारलं, की पायथागोरसचं प्रमेय बाकावरून उठून लोखंडावर येतं. फरक निघाला, तर ठोकून पुन्हा मोजायचं. शेवटी लोखंडाचं वजन, रॉड, वीज, मजुरी धरून बिल काढायचं.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि हाच मार्ग घालून दिला. तिथून शाळांत गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग आहेत. मुलगे-मुली सगळेच चारही विभाग शिकतात. आठवड्यातला एक दिवस त्यासाठी राखलेला असतो आणि गावाच्या गरजेची कामं मुलं करतात. वस्तू कोणीतरी खरोखर वापरणार आहे, हे कळलं की डुगडुगणारा पाय मुलांना स्वतःलाच खुपतो.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांसोबत घालवायला सांगितलं आहे. सुरुवात म्हणून ते चांगलंच आहे. पण दहा दिवसांत ओळख होते, हात बसत नाही. त्याला दर आठवड्याचा सराव लागतो.

‘मुलाला इंजिनिअर करायचंय, वेल्डर नाही,’ असं पालक म्हणतात. त्यांची काळजी मला समजते. पण इंजिनिअर होणाऱ्याला तर कागदावरची रेघ आणि कापलेलं लोखंड यांतला फरक लवकर कळायलाच हवा. आणि वेल्डर होणाऱ्यालाही गणित तितकंच लागतं.

म्हणून शाळांनी आठवी ते दहावी आठवड्याचा एक दिवस वेळापत्रकात पक्का करावा. गावातल्या सुतार, वायरमन, गवंडी यांना रीतसर मानधन देऊन शिकवायला बोलवावं. मुलांच्या हातात चांगली हत्यारं आणि डोळ्यांवर सुरक्षेचा चष्मा द्यावा. गुण द्यायचे ते आराखडा, हिशेब आणि तयार वस्तू तपासून. सराव परीक्षेसाठी दुसरा वेळ काढता येईल. हा दिवस मात्र फेब्रुवारीपर्यंत कोणी हलवू नये.