शिंदखेड्याहून समुद्र किती लांब?

आमच्या शिंदखेड्याहून समुद्र दिसत नाही. पाण्याशी आमचा संबंध दोन गोष्टींपुरता: तालुक्याच्या उत्तरेकडून वाहणारी तापी आणि पावसाची वाट. त्यामुळे यंदा चाच्यांवर लिहितो म्हटल्यावर घरातूनच प्रश्न आला, "तुम्हांला कुठे बोटीवर जायचंय?"

मला नाही, पण शेजारच्या वहिनींचा मुलगा बोटीवर आहे. बातम्यांत तांबड्या समुद्राचे नाव निघाले, की करंजी लाटता लाटता त्यांचा हात थांबतो.

आता इतिहास पाहा. आमची हीच तापी पुढे सुरतेला जाते. १६९५ साली मक्केच्या यात्रेकरूंना घेऊन सुरतेकडे परतणारे 'गंज-ए-सवाई' हे मोगल जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले. औरंगजेबाच्या अंमलदारांनी सुरतेच्या वखारीतले इंग्रज कैदेत टाकले, आणि यात्रेच्या जहाजांबरोबर रखवाली देण्याचे कंपनीला कबूल करावे लागले. दर्यावर गेलेल्या प्रजेची काळजी दरबाराने वाहायची, हे तेव्हाही लोकांना कळत होते.

आपल्या काळात काय झाले? सप्टेंबर २०१० मध्ये सोमाली चाच्यांनी 'अस्फाल्ट व्हेंचर' हे जहाज पळवले. त्यावर पंधरा भारतीय होते. एप्रिल २०११ मध्ये खंडणी पोचली, जहाज सुटले, आठ जण सुटले. उरलेल्या सातांना चाच्यांनी ठेवून घेतले. भारताने पकडलेले आमचे साथीदार आधी सोडा, अशी त्यांची अट! म्हणजे पैसे मोजून कंपनी मोकळी झाली, तरी हे सात जण अडकलेलेच. भांडण सरकारशी होते, ते सरकारनेच सोडवायला हवे होते. ते सात जण सुटण्यास ऑक्टोबर २०१४ ची अखेर उजाडली. चार दिवाळ्या झाल्या!

सरकारने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. २००८ पासून आपले नौदल एडनच्या आखातात पहारा देते. मार्च २०२४ मध्ये त्याने 'रुएन' जहाजावरचे सतरा खलाशी सोडवले आणि पस्तीस चाचे मुंबईच्या पोलिसांच्या हवाली केले. चाचेगिरीविरोधी कायदाही झाला. मात्र पहिले विधेयक २०१२ चे आणि संसदेची मंजुरी डिसेंबर २०२२ ची.

हा कायदा चाच्याला शिक्षा देतो. पण खलाशाच्या आईचे काय? ओलीस असेपर्यंत खलाशाचा पगार चालू राहिला पाहिजे, हा आंतरराष्ट्रीय नियम डिसेंबर २०२० पासून लागू आहे. वहिनींना तो माझ्याकडून कळला! वास्तविक तो सरकारने घरोघर सांगायला हवा. जहाज अडकले, की त्याच दिवशी घरी जबाबदार अधिकाऱ्याचा फोन यावा, पुढे दर आठवड्याला खबर मिळावी आणि पगार महिन्याच्या महिन्याला पोचतो की नाही ते त्याने पाहावे. हे मागणे काही फार नाही.

वाचकहो, दिवाळीला खासदारांची शुभेच्छापत्रे येतात. त्यांना उत्तर देण्याची आपल्याकडे पद्धत नाही. यंदा द्या, आणि त्यात एवढे तीन मुद्दे लिहा.