‘वाया’ जाणारे पाणी

वाळवंटात एखादे सरोवर आहे. त्यात मासे नाहीत, पाणी समुद्राहून दुपटीने खारट, ना पिण्याच्या उपयोगाचे ना शेतीच्या. अशा सरोवरात डोंगरातल्या ओढ्यांचे गोडे पाणी जाऊ देणे म्हणजे ते वाया घालवणे होय, असे सुशिक्षितांच्या तोंडून आम्ही अनेकदा ऐकले आहे. हे मत आम्हांला मान्य नाही. ते का मान्य नाही, हे कॅलिफोर्नियातील मोनो सरोवरावर आम्ही प्रत्यक्ष पाहून आलो आहोत.

सिएरा नेव्हाडा पर्वताच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेत हे सरोवर पसरले आहे. उन्हाळ्यातल्या एका सकाळी आम्ही वल्ह्यांच्या होडीतून त्यावर गेलो. पाण्यात हात घातला की साबणासारखा बुळबुळीतपणा जाणवतो. निरखून पाहिले तर नखाएवढ्या असंख्य कोळंब्या पोहताना दिसतात. काठावर माश्यांचे काळे पट्टेच्या पट्टे असतात. याच आहारावर कुरव पक्षी येथील बेटांवर पिल्ले वाढवतात. शरद ऋतूत काळ्या मानेच्या टिबुकल्या लाखोंनी उतरतात. फॅलरोप नावाचा चिमुकला पक्षी येथे अंगावर चरबी चढवून थेट दक्षिण अमेरिका गाठतो. मार्क ट्वेनने 1872 सालच्या आपल्या पुस्तकात या सरोवराभोवतीच्या वाळवंटाला निर्जीव म्हटले. 

होडी चुनखडीच्या उंच मनोऱ्यांमधून जाते, तेव्हा सारे पर्यटक छायाचित्रे काढू लागतात. आम्हीही काढली. मग वाटाड्याने सांगितले ते ऐकून आम्ही खजील झालो. तळाच्या झऱ्यांतील कॅल्शियम सरोवरातील कार्बोनेटला मिळते आणि हे मनोरे पाण्याखालीच घडतात. ते उघड्यावर दिसतात, कारण सरोवराचे पाणी उपसून नेले गेले. ज्याला आम्ही सौंदर्य म्हणत होतो, ती एक उघडी पडलेली जखम होती.

1941 पासून लॉस एंजेलिस शहराने या सरोवराचे ओढे आपल्या कालव्यात वळवले. 1982 पर्यंत पातळी 45 फूट खाली गेली, पाणी निम्मे उरले, खारटपणा दुप्पट झाला. 1979 साली नेगिट बेट जमिनीला जोडले गेले; कोयोटी नावाचे कोल्ह्यासारखे प्राणी चालत तेथे पोहोचले आणि कुरवांनी आपली घरटी सोडली. उघड्या तळावरची खारी धूळ वाऱ्याने उडू लागली. वाया गेले ते कोणते पाणी, हे वाचकांनीच ठरवावे.

यावर ठरलेला आक्षेप येतो : पक्षी मोठे की तहानलेली माणसे? हा प्रश्नच लबाडीचा आहे. तो विचारणारे सहसा तहानलेले नसतात. पूर्व लॉस एंजेलिसमधील सान्ता इझाबेल धर्मग्रामाच्या नावाने ओळखला जाणारा मातांचा संघ 1992 पासून घरोघरी कमी पाणी लागणारी शौचकुपे बसवू लागला. ही कष्टकरी वस्ती होती. त्या मातांनी पक्ष्यांविरुद्ध गाऱ्हाणे मांडले नाही. शेकडो मैलांवरचे पाणी आपल्या न्हाणीघरात कसे वाचवता येईल, ते करून दाखवले. आपल्या धर्मग्रामांतील संघांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

न्यायालयाचेही पाहा. 1978 साली डेव्हिड गेन्स व त्यांच्या सोबत्यांनी सरोवरासाठी समिती स्थापन केली आणि पुढल्या वर्षी दावा दाखल झाला. 1983 साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरोवर ही जनतेची ठेव आहे आणि राज्य तिचे विश्वस्त आहे. बियास नदीचा प्रवाह वळवल्याच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये हेच तत्त्व स्वीकारले, तेव्हा या मोनोच्या निकालाचा विस्ताराने आधार घेतला. तेव्हा ‘तिकडच्या तळ्याशी आपला काय संबंध?’ असे कोणी म्हणू नये.

तरीही हा विजयाचा वृत्तान्त नव्हे. 1994 साली राज्याच्या जलनियंत्रण मंडळाने सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून 6,392 फुटांवर नेण्याचा आदेश दिला. वीसेक वर्षांत ते साधेल अशी अपेक्षा होती. तीस वर्षे लोटून 2024 साल आले, तेव्हाही पाणी त्या खुणेच्या कित्येक फूट खालीच होते आणि शहराचे पाणी नेणे थांबलेले नव्हते. कागदावरचा न्याय ओढ्यातून आपोआप वाहत नाही.

1 एप्रिल ते 1 ऑगस्ट या काळात बेटांच्या एक मैल आत होडी नेण्यास मनाई आहे. आमच्यातील काहींना त्याचा राग आला. पैसे मोजून आलो, मग जवळून का पाहू नये? आम्ही त्यांना म्हटले, एवढे अंतर राखणे तुम्हांला जड जाते, आणि त्या पाखरांनी मात्र आपले सारे पाणी मुकाट्याने द्यावे? पक्षी पाहायला अवश्य जावे. पण परतल्यावर घरचा गळका नळ तसाच ठेवणाऱ्याने आपल्या सहलीला निसर्गप्रेम म्हणू नये.