म्यूटचे बटण आणि सभासदाचा हक्क

आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, सहकारी संस्थेने वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची असते. त्यामुळे सध्या गृहनिर्माण संस्थांचे सचिव ताळेबंद, लेखापरीक्षण अहवाल आणि विषयपत्रिकेच्या तयारीत आहेत. सभा संस्थेच्या आवारात घ्यावी, व्हिडिओवर घ्यावी की दोन्ही मिळून, हा प्रश्नही अनेक समित्यांपुढे आहे.

2020 मध्ये करोनामुळे राज्य सरकारला वार्षिक सभांची मुदत वाढवून द्यावी लागली. 2021 मध्ये दृक्‌श्राव्य माध्यमातून सभा घेण्याची वाट मोकळी झाली आणि अडलेली कामे मार्गी लागली. फ्लॅट डोंबिवलीत आणि नोकरी दुबईत, अशा सभासदालाही हिशेबावर प्रश्न विचारता आला. गुडघ्यांमुळे जिना उतरणे जमत नाही, त्या आजींनाही घरी बसून हात वर करता आला. ही सोय टिकलीच पाहिजे, असे आमचे मत आहे.

मात्र या सोयीबरोबर समितीच्या हाती एक नवा अधिकार आला आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. सभागृहात सभासद उभा राहिला की त्याचे म्हणणे सगळ्यांच्या कानांवर पडते. शेजारचा मान डोलावतो, मागून कोणी ‘बरोबर आहे’ म्हणतो आणि अध्यक्षांना त्या भावनेची दखल घ्यावीच लागते. पडद्यावरच्या सभेत आवाज चालू-बंद करण्याचे बटण यजमानाच्या हाती असते आणि यजमान बहुतेक वेळा समितीचाच पदाधिकारी असतो. सगळ्यांना म्यूट करून, चॅट बंद ठेवून, वेबिनार पद्धतीने सभा घेतली तर सभासद एकमेकांना दिसतही नाहीत. विषय वाचला जातो, ‘मंजूर’ म्हटले जाते आणि पुढचा विषय सुरू होतो. अशी सभा कागदावर नियमात बसली, तरी तिला सहकाराची सभा म्हणता येणार नाही.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. वार्षिक सभा वेबिनार पद्धतीने कधीही घेऊ नये. म्यूट-अनम्यूटचे काम समितीबाहेरच्या एका सभासदाकडे द्यावे आणि त्याचे नाव इतिवृत्तात नोंदवावे. चॅट सर्वांना खुले ठेवावे. बोलू इच्छिणाऱ्यांची यादी पडद्यावर दिसू द्यावी आणि त्याच क्रमाने संधी द्यावी. झूमच्या मोफत योजनेत बैठक 40 मिनिटांत तुटते, गूगल मीटवर तासाभरात. हिशेबावरची चर्चा ऐन रंगात असताना लिंक बंद पडू नये, यासाठी सशुल्क योजना घ्यावी. तो खर्च संस्थेसाठी किरकोळ आहे.

मतदानाचे भान आणखी काटेकोर हवे. सहकारात एका सभासदाला एकच मत असते आणि ते त्याने स्वतः द्यायचे असते, प्रॉक्सी चालत नाही. पडद्यावर नुसते ‘बी-402’ असे नाव दिसत असेल, तर मत कोणी दिले हे कसे कळणार? याबाबतीत कंपनी कायद्याखालचे 2014 चे नियम पाहण्यासारखे आहेत. संचालक मंडळाच्या व्हिडिओ बैठकीत सुरुवातीला हजेरी घेतात. प्रत्येक संचालक आपले नाव आणि ठिकाण सांगतो आणि बैठक दुसरे कोणी पाहत-ऐकत नाही, याची ग्वाही देतो. आपल्या सभेत कुटुंबीय आसपास असणारच, तेवढी कडक अट नको. पण नाव घेऊन हजेरी घ्यावी आणि मत देताना कॅमेरा सुरू असावा. ठरावाच्या बाजूचे, विरोधातले आणि तटस्थ असे आकडे त्याच वेळी वाचून दाखवावेत. मध्येच लिंक तुटून सभासद बाहेर पडतात, म्हणून प्रत्येक मतदानाआधी गणपूर्ती पुन्हा पाहावी.

आमचा आग्रह संमिश्र सभेचा आहे. क्लबहाउसमध्ये किंवा गच्चीवर सभा भरवावी आणि दूरच्यांना व्हिडिओने जोडून घ्यावे. सभासदांमध्ये फिरवायला वेगळा माइक ठेवावा, कारण टेबलावरच्या एका लॅपटॉपमधून मागच्या रांगेतला आवाज दुबईपर्यंत पोहोचत नाही. ज्यांना व्हिडिओ जमत नाही त्यांना साध्या फोनवरून चर्चा ऐकण्याची आणि बोलण्याची सोय द्यावी. त्यांचे मत मात्र ओळख पटवूनच नोंदवावे.

पुनर्विकासाचा विषय वेगळा. सहकार कायद्याच्या कलम 79अ खालच्या 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयानुसार विकासक निवडण्याच्या सभेला दोन तृतीयांश सभासदांची उपस्थिती लागते आणि सभेचे चित्रीकरणही करावे लागते. ज्या निर्णयाने माणसाचे घर पाडले जाणार, तो घेताना सभासदांनी एकमेकांसमोर असावे. ती सभा प्रत्यक्षच घ्यावी, असे आम्ही ठामपणे सांगतो.

सभेआधी उपविधी आणि उपनिबंधक कार्यालयाच्या सध्याच्या सूचना पाहून घ्या. यंदाच्या नोटिशीत लिंकबरोबर तीन ओळी जरूर छापा: बोलायची संधी कशी मिळेल, मत कसे नोंदवले जाईल आणि सभेचे ध्वनिचित्रमुद्रण कुठे पाहता येईल. सभासदाला हे आधीच लेखी कळणे हा त्याचा हक्क आहे आणि तो जपणे ही सचिव म्हणून आपली जबाबदारी आहे.