माहिती आमची, मग हिशेबही आम्हाला हवा

विद्यापीठातील संशोधक शाखेत आला की आपण त्याला चहा देतो, जुन्या फायली काढून देतो, निवृत्त साथींची घरे दाखवतो. प्रबंध पुरा होतो, पदवी मिळते आणि गृहस्थ पुन्हा दिसत नाहीत. आमच्या एका शाखेतून १९७४ च्या संपातील बडतर्फीच्या नोटिसांची फाईल अशीच गेली. दोन दिवसांत परत करण्याचा शब्द होता. फाईल आली नाही. ज्या साथीने ती पत्र्याच्या पेटीत जपली होती, तो आज हयात नाही.

म्हणून विद्वानांना दारातूनच परत पाठवायचे काय? मुळीच नाही. डॉ. वॉलेस आयक्रॉइड या आहारशास्त्रज्ञाच्या हिशेबाचा आधार घेऊन १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित किमान वेतनाचे निकष ठरवले. त्या परिषदेत कामगार संघटना बसल्या होत्या, म्हणून शास्त्रज्ञाचा आकडा कामगाराची मागणी बनला. त्याच मागणीसाठी १९ सप्टेंबर १९६८ रोजी केंद्रीय कर्मचाऱ्यांनी, त्यांत रेल्वे व टपाल कामगारांनीही, एक दिवसाचा संप केला. सातव्या वेतन आयोगाने १८,००० रुपयांचे किमान वेतन काढले तेही याच सूत्रावर. मात्र कुटुंबाच्या त्या तीन एककांत म्हातारे आई-वडील नाहीत. एखाद्या केबिनमनच्या घरात जाऊन विचारले असते, तर घरच्या बाईने ही चूक तिथल्या तिथे दाखवली असती.

ज्ञान दोन्हीकडे असते, ते असे. मग व्यवहारही दोन्हीकडून हवा. १९९८ मध्ये श्रम-इतिहासकारांची संघटना आणि नोएडाची व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्था यांनी मिळून भारतीय श्रमिकांचे दप्तरखाने उभारले. १९७४ च्या रेल्वे संपाची कागदपत्रे त्यात जतन झाली आहेत. कागद एकाच्या कपाटात न जाता सर्वांसाठी राहतो, ही पद्धत योग्य आहे.

यापुढे प्रत्येक शाखेने संशोधकाशी चार गोष्टी लेखी ठरवाव्यात. मूळ कागद कार्यालयाबाहेर जाणार नाही, फक्त त्याची प्रत जाईल. काय शोधायचे हे ठरवताना कामगारांचे प्रश्नही यादीत येतील. मुलाखत देणाऱ्याच्या संमतीशिवाय त्याचे नाव छापले जाणार नाही. वरिष्ठांचा रोष त्याला सोसावा लागतो, संशोधकाला नाही. आणि छपाईपूर्वी निष्कर्ष मराठीत, द्वारसभेत वाचून दाखवले जातील.

आपल्यावरही एक बंधन येते. संशोधक उद्या विचारील, कंत्राटी सफाई कामगार तुमचे सभासद का नाहीत? ग्रामीण डाक सेवकाच्या प्रश्नावर तुम्ही किती दिवस धरणे धरले? कार्यकारिणीत स्त्रिया किती? प्रश्न झोंबतील. तरी वाक्य खोडा असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. चूक असेल तर पुरावा द्यावा, खरे असेल तर सुधारावे. केवळ स्तुती हवी असेल तर संशोधक कशाला, अहवाल आपण छापतोच.

१९७४ मध्ये ८ मे ते २७ मे असे वीस दिवस ज्यांनी संप चालवला, ते साथी आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या आठवणी फार काळ थांबणार नाहीत. साथींनो, येत्या शाखा-बैठकीत हा विषय घ्या, आणि आधी आपल्या कपाटातील फायलींची यादी करा.